स्लीव्ह (वजन कमी करायला जठर लहान करण्याचं ऑपरेशन) होऊन सव्वा वर्ष झालं, पायाला मुंग्या, बी१२ आलंय १६४. गोळ्या खरंच जन्मभर घ्यायच्या का?

मोगरा_नाशिक:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४३, सव्वा वर्षापूर्वी स्लीव्ह झाली, तेव्हा वजन ११८ होतं आता ७६ आहे, शुगरची गोळी दोनवरून एकवर आली, गुडघेदुखी थांबली, ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही. डिस्चार्जच्या वेळी डाएटिशियन मॅडमनी जो कागद दिला त्यावर मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी१२ सगळं लिहिलेलं होतं आणि सहा महिने मी एक दिवस चुकवला नाही. मग सहा महिन्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात सुरू झालं की आता कशाला, दर महिन्याला एवढा खर्च, सासूबाई म्हणाल्या गोळ्यांनीच पोट भरतेस म्हणून तुला जेवण जात नाही. मलाही वाटलं आता खातेय की बऱ्यापैकी, म्हणून बंद केलं. नंतर केस खूप गळायला लागले तेव्हा बायोटिनच्या गमीज आणल्या, त्या अजून चालू आहेत.

दिवाळीपासून दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, रात्री जास्त. परवा जिना चढून वर आले, कुलूप उघडलं आणि मुलगी म्हणाली आई तुझी एक चप्पल कुठंय, तर ती तीन पायऱ्या खाली पडलेली, पायातून निघाली ते मला कळलंच नाही. त्या दिवशी मी घाबरले. रिपोर्ट केला तर बी१२ १६४ म्हणजे कमी, हिमोग्लोबिन ११.८. जवळच्या डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड आणि बी कॉम्प्लेक्स दिलंय. आमच्या घरात सगळे माळकरी, अंडंसुद्धा नाही. जाऊबाई म्हणतात इंजेक्शन घेऊ नको, एकदा घेतलं की शरीराला सवय लागते. कोणी हे भोगलेलं असेल तर सांगा प्लीज, गोळीने भागेल का इंजेक्शनच, आणि हे कायमचंच आहे का?

खान्देशी_बायपासवाला:
ताई, माझा वजनासाठीचा जठराचा बायपास २०१७ चा, म्हणून हक्काने सांगतो, हो, कायमचं आहे. याचं वाईट वाटून घेऊ नका, चष्मा लागला की रोज लावतो तसंच. मला सर्जनसाहेबांनी कागदावर चित्र काढून समजावलेलं ते सांगतो. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटायला पोटातलं ॲसिड लागतं, आणि सुटल्यावर त्याला हाताला धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत नेणारा एक पदार्थ लागतो, इंट्रिन्सिक फॅक्टर, तोही जठराच्या पेशीच बनवतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. म्हणजे ॲसिडही कमी आणि हात धरणाराही कमी. माझ्यासारख्या बायपासवाल्यांचं तर जेवण उरलेल्या मोठ्या जठरातून जातच नाही आणि आतड्याचा सुरुवातीचा भागही वळसा घालून टाळला जातो, म्हणून लोह, कॅल्शियम, बी१ याचेही वांधे. तुम्ही आता कितीही चांगलं जेवलात तरी ही व्यवस्था परत उगवत नाही.

सहा महिन्यांचे रिपोर्ट नॉर्मल का आले तर एक, तुम्ही तेव्हा गोळ्या घेत होतात, आणि दोन, लिव्हरमध्ये बी१२ चा साठा असतो, चांगला असेल तर काही वर्षं पुरतो. पण आपल्याकडे शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त बायकांचं बी१२ कमी निघालं होतं, आणि त्यांची काही कुठली सर्जरी झालेली नव्हती. तुम्ही अशा साठ्यावर ऑपरेशनला गेलात.

सवय लागते हे मलाही लोकांनी सांगितलेलं. पाण्याची सवय लागते का कधी? बी१२ शरीराला लागतंच, इंजेक्शनमुळे लागायला लागत नाही. मला २०१९ ला असंच झालं होतं, हाताची बोटं बधिर, शर्टाचं बटण लागेना, तेव्हा एक दिवसाआड पाच, मग आठवड्याला एक अशी चार, आणि तेव्हापासून महिन्याला एक चालू आहे. बोटं सुधारायला आठ महिने लागले. तुमचा डोस मात्र तुमच्या सर्जनकडूनच लिहून घ्या, आणि पायाची गोष्ट आहे तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

रानमेवा:
ताई घाबरू नका. माझ्या आईचं बी१२ कमी होतं, आम्ही रोज मोड आलेली मटकी, ताक, आंबवलेली इडली सुरू केली, तिला बराच फरक वाटला. नैसर्गिक ते नैसर्गिक, एकदा करून बघा.

औषधवाली_सांगली:
मी फार्मासिस्ट आहे, सांगलीत १९ वर्षं मेडिकल चालवते. आधी रानमेवांना सांगते, राग मानू नका, मटकीत बी१२ नसतं, कुठल्याच कडधान्यात पालेभाजीत नसतं, आणि इडलीच्या पिठावर भरवसा ठेवता येत नाही. दूध-ताकात असतं पण कपभर दुधात जेमतेम एक मायक्रोग्रॅम, निरोगी माणसालाच दिवसाला दोन-अडीच लागतात. तुमच्या आईंचं जठर शाबूत आहे, मोगराताईंचं नाही. त्यांना ताक पिऊ दे जरूर, पण त्यावर विसंबून राहिल्या तर पायाची संवेदना जाईल आणि ती परत येईलच असं नाही.

आता मोगराताई, तुम्ही लिहिलंय त्यात मला चार गोष्टी खटकल्या.

बी कॉम्प्लेक्सची ती स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा, मोबाइलने फोटो काढून मोठं करा. आपल्याकडच्या नेहमीच्या बी कॉम्प्लेक्समध्ये सायनोकोबालमिन, म्हणजे बी१२, बहुतेक १५ मायक्रोग्रॅम असतं. वजनाच्या सर्जरीनंतर रोज तोंडाने घ्यायचं बी१२ सांगतात ३५० ते १००० मायक्रोग्रॅम. एवढं जास्त का, तर इंट्रिन्सिक फॅक्टरशिवाय आतडं जेमतेम शंभरातला एक भाग आपोआप शोषून घेतं, हजार दिले की दहाएक आत जातात, पंधरा दिले तर काय जाणार. लघवी पिवळीधमक झाली म्हणजे गोळी लागू पडली असं गिऱ्हाईक मला नेहमी सांगतं, तो रंग बी२ चा असतो, बी१२ शी त्याचा संबंध नाही.

दुसरं, फॉलिक ॲसिड. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन छान दिसतं, सगळे निर्धास्त होतात, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. तुमचं ११.८ बघून कोणी म्हणेल फार काही नाही, पण मुंग्या यायला ॲनिमिया असावाच लागतो असं नाही. फॉलिक ॲसिड वाईट नाही, सर्जरीनंतर तेही लागतं, मूल हवं असलेल्या बायकांना तर जास्तच, पण बी१२ आधी किंवा सोबत हवं.

तिसरं, शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तीही बी१२ चं शोषण कमी करते, आणि सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी चालू असेल, स्लीव्हवाल्या पुष्कळांना असते, तर तीसुद्धा. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना नावं सांगा फक्त.

चौथं, बायोटिन. सर्जरीनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतात ते बहुतेक वजन झपाट्याने उतरल्यामुळे आणि प्रोटीन, लोह कमी पडल्यामुळे, ते थांबतंही. बायोटिनने काय होतं तर थायरॉइडसारखे काही रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवायचं आणि लॅबवाल्याला सांगायचं. आणि गमीजना मल्टीव्हिटॅमिन समजू नका, बऱ्याच गमीजमध्ये लोह नसतं, बी१ सुद्धा नसतं.

अजून एक, मुंग्यांसाठी म्हणून आमच्याकडे लोक दोन-दोन नसांच्या गोळ्या एकदम मागतात. त्या बहुतेकांत बी६ असतं, ते महिनोन्महिने जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात. एकच घ्या, डॉक्टरने लिहिलेली.

धाकट्याची_ताई:
मला बी१२ चं फार कळत नाही पण बी१ बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हे कोणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर. माझ्या धाकट्या भावाची स्लीव्ह झाली, वय ३१. चौथ्या आठवड्यापासून त्याला उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा टिकेना, आम्हाला वाटलं सवय होईल, फोन केला तर तिकडून सांगितलं हळूहळू प्या, चमचा चमचा घ्या. गोळ्या तर तो गिळूच शकत नव्हता, बाजूला पडल्या. अडीच आठवडे असे गेले. अशक्तपणा म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावलं, दोन बाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला ताई तू दोन का दिसतेस. संडासला जाताना भिंतीला धरून, पाय फाकवून चालत होता, आणि नाश्ता झाला का हे त्याने अर्ध्या तासात तीनदा विचारलं.

रात्री मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तिथल्या कॅज्युअल्टीतल्या मुलीने, फार तर सत्तावीस-अठ्ठावीसची असेल डॉक्टर, पहिला प्रश्न विचारला, वजनाचं ऑपरेशन झालंय का आणि उलट्या किती दिवस. लगेच शिरेतून थायामिन, म्हणजे बी१, सुरू केलं. तिने सांगितलं की शरीरात बी१ चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, बी१२ सारखा वर्षांचा नाही, आणि तो संपत आलेला असताना आधी ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही वापरलं जातं, म्हणून थायामिन आधी किंवा सोबतच द्यायचं असतं. बी१ संपून मेंदूवर असा परिणाम होतो, वर्निके म्हणतात त्याला. डोळे तीन दिवसांत सरळ झाले. चाल अजून पूर्ण नाही, अंधारात जिना उतरताना आजही माझ्या खांद्यावर हात ठेवतो.

म्हणून ज्यांचं ऑपरेशन नवीन आहे त्यांनी ऐका, उलट्या दोन-तीन दिवसांच्या वर गेल्या तर फोनवर समाधान मानू नका, प्रत्यक्ष जा, आणि सलाईन लावायला आले की तोंडाने सांगा, माझी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाची, सर्जरी झालीय, बी१ दिलंय का. आम्हाला उद्धट वाटेल म्हणून आम्ही काही विचारलं नव्हतं.

औषधवाली_सांगली:
ताई वाचून गलबलून आलं. तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बी१ सर्जरीनंतर रोज किमान १२ मिलिग्रॅम लागतं, ५० पर्यंत असलं तर उत्तम म्हणतात, पण उलट्या चालू असतील तर गोळीचा उपयोग नाही, सुईनेच.

मोगरा_नाशिक:
सगळ्यांचे कसे आभार मानू. शुक्रवारी सर्जनकडे जाऊन आले, ही पानं मोबाइलवर उघडूनच गेले होते. त्यांनी सुया टोचून, कंपनाचा तो काटा घोट्याला लावून पाहिला, उजव्या अंगठ्याला मला काहीच कळलं नाही. रागावले नाहीत पण म्हणाले गोळ्या बंद करताना एक फोन करायचा होता. इंजेक्शन सुरू झालंय, एक दिवसाआड. नर्सने काचेची छोटी तपकिरी बाटली फोडली तर आतलं औषध लाल, डाळिंबाच्या पाण्यासारखं, मी ते कधी पाहिलं नव्हतं. शुगरची गोळी मेटफॉर्मिनच निघाली, ती तूर्त चालू ठेवलीय. मल्टीव्हिटॅमिन आणि लोह परत सुरू, लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, चहाबरोबर लोह घ्यायचं नाही. सासूबाईंना मी चपलेची गोष्ट सांगितली, त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी डबीत आठवड्याच्या गोळ्या त्यांनीच भरून ठेवल्या.

एक विचारायचं राहिलं, परत रिपोर्ट कधी करू? आणि तेव्हा आकडा हजाराच्या वर आला तर थांबवायचं का?

खान्देशी_बायपासवाला:
थांबवायचं नाही ताई. इंजेक्शन चालू असताना आकडा वर येणारच, माझा दोन हजार दाखवतो, त्याचा अर्थ औषध रक्तात आहे एवढाच. मी २०१८ ला तोच आकडा बघून बंद केलं होतं, त्यानंतरच बटणं लागेनाशी झाली.

औषधवाली_सांगली:
बरोबर. तपासणी साधारण तीन महिन्यांनी, पुढे दरवर्षी, आणि महिन्याचं इंजेक्शन असेल तर ते घ्यायच्या आधी रक्त द्या, नंतर नको. मुंग्या असून आकडा २०० ते ४०० मध्ये अडकलेला दिसला तर बी१२ खरंच कमी पडतंय का ते कळायला रक्तातलं होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा. आणि पहिले काही आठवडे मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या तर घाबरून सोडू नका, डॉक्टरांना कळवा. तोवर घरात पट्ट्याची चप्पल घाला, आणि रात्री झोपताना तळवे हाताने आणि डोळ्यांनी तपासा, कुठे लागलं-कापलं असेल तर कळायला हवं, शुगर आहे तुम्हाला.