टू-स्ट्रोक जाम झाली, थंड झाल्यावर किक फिरते. सरळ रिबोअर करू का?

किकमारू
एअर कूल्ड 100 सीसी, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 20 मिली. बराच वेळ फुल थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक लॉक झालं. थंड झाल्यावर किक फिरली, गाडी चालूही होते, पण पिकअप नाही आणि वरून खरखर येते. रिबोअर करून (सिलिंडर आतून मोठा कापून) मोठा पिस्टन टाकायचा आणि ऑइल 40 मिली करायचं, एवढं पुरेल का?

गजनपिन
आधी चालू करणं थांबवा. पिस्टनचं अल्युमिनियम स्लीव्हला, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या नळीला, चिकटलंय, प्रत्येक किकला ते आणखी पसरतं.

सायलेन्सर काढा, पिस्टन वर घ्या आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टनचा स्कर्ट (रिंगखालचा भाग) बघा. ओरखडे कुठे आहेत त्यावर सगळं आहे. फक्त एक्झॉस्टकडे असतील तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इग्निशन टायमिंग पुढे. चार ठिकाणी सारखे उभे पट्टे असतील तर थंड इंजिन लगेच ताणलं, नाहीतर पिस्टन आणि स्लीव्हमधला क्लिअरन्स कमी ठेवला. चौफेर घासलं असेल तर ऑइल पोचलंच नाही. इनटेककडे मळकट, बारीक रेघा म्हणजे धूळ; एअर फिल्टर बघा.

ऑइल दुप्पट करून लीनपणा जात नाही. उलट कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं. कंपनीने सांगितलेलं प्रमाण धरा.

सीलबंद
वरचं बरोबर, पण ब्लॉक उतरवायची घाई नको. आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे इंजिनात हवा भरून गळती बघणं. ती नंतर करायची तर सगळं परत जोडावं लागतं.

प्लग जागेवर ठेवून एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबराने बंद करा आणि हातपंपाने 6 पीएसआय भरा, जास्त नको. 6 मिनिटं दाब टिकायला हवा. उतरला तर मॅग्नेट काढून त्याच्यामागच्या क्रँक सीलवर, ब्लॉकच्या तळाच्या गॅस्केटवर, मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटर जिथे बसतो ती नळी) साबणाचं पाणी लावा; गळतीला बुडबुडे येतात. क्लचकडचं सील गेलं असेल तर हवा गिअर ऑइलच्या भोकातून येते. तशा गाडीला सहसा पांढरा धूरही असतो. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम रेंगाळत उतरत होते का?

किकमारू
हो, रेंगाळत होते. ओरखडे फक्त एक्झॉस्टकडे, रिंगही खाचेत अडकलीय. मॅग्नेटमागे बुडबुडे आले. स्लीव्ह वाचेल का?

गजनपिन
मग कारण सापडलं: सीलमधून हवा, त्यामुळे लीन. ते न बदलता रिबोअर केली असती तर नवा पिस्टनही चिकटला असता.

स्लीव्ह बिडाची (कास्ट आयर्नची) असेल तर काडीला कापूस गुंडाळून चिकटलेल्या अल्युमिनियमवर थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड लावा. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. पोर्टमध्ये आणि फिन्सवर थेंब जाऊ देऊ नका, तेही अल्युमिनियमच. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा, लगेच ऑइल लावा, बीड पटकन गंजतं. त्यानंतर ओरखडा नखाला लागत नसेल तर हलकं होनिंग (दगडाने बारीक घासणं) करून नवा पिस्टन आणि रिंग चालतील, तेही बोअर मापात असेल तरच. नख अडकलं तर रिबोअर.

सीलबंद
50 मिमी बोअरला रिंगच्या दोन तोंडांमधला गॅप 0.2 मिमीच्या आसपास हवा. रिंग पिस्टनने बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पिस्टन पिन अडवणारी सर्कलिप काढताना क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबा, जुनी क्लिप परत वापरू नका. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची तोंडं खाचेतल्या बारीक पिनवर बसली नाहीत तर ब्लॉक घालतानाच रिंग तुटते.