पावसाळ्यात संगणक सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. जांबोटी रस्त्यालगतच्या आमच्या गावात माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान असून मराठी व कन्नड दोन्ही भाषांतली कामे एकाच संगणकावर चालतात. गेल्या आठवड्यातल्या संततधारेत दोन दिवस लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, दिवा लागला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच आले आणि आतून थांबून थांबून बीप वाजत राहिले. याआधीही लाईट जाऊन आली की तारीख आपोआप २०१२ सालावर जायची. ओल्या पायांनी कॅबिनेटला हात लागला तर झिणझिण्या येतात, तेही बरेच दिवस चालू आहे. दुरुस्तीवाले मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेला म्हणतात. संगणक डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमचा (तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा) आहे, त्यामुळे नवा बोर्ड घेतल्यास प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर (निपाणी)

बोर्ड गेला हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. बीप वाजतात याचाच अर्थ बोर्ड आणि प्रोसेसर निदान तपासणी करण्याइतके जिवंत आहेत. बीपचा अर्थ बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो, तरी असे वारंवार येणारे बीप बहुतेक वेळा रॅमकडे बोट दाखवतात. आपल्या भागातल्या ओलाव्याने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि स्लॉटशी त्यांचा संपर्क नीट होत नाही.

प्लग काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. रॅम कडेने धरून बाहेर काढा, पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा आणि रबराचा भुगा ब्रशने झाडा. तो स्लॉटमध्ये राहिला तर नवीच अडचण होते. मग एकच रॅम बसवा, दोन्ही बाजूंची खिटी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा आणि प्रत्येक स्लॉट आलटून पालटून पाहा. प्रोसेसरच्या सॉकेटजवळच्या कपॅसिटरांची (विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) टोके सपाट आहेत की फुगली आहेत, तेही तेव्हाच बघून घ्या. फुगली असतील तर मात्र दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे खरे असू शकते.

उत्तर (बेळगाव, टिळकवाडी)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. तारखेचा दोष बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलचा आहे. हा सेल ३ व्होल्टचा असतो. तो संपला तरी प्लगला वीज असेपर्यंत घड्याळ चालते, म्हणून दोष लाईट गेल्यावरच दिसतो.

मला खरी काळजी झिणझिण्यांची वाटते. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून झिरपणारा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. ती तारच नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, दाब राहतो. हा प्रवाह एरवी अगदी थोडा असतो, पण एसएमपीएसमध्ये बिघाड होऊन फेज थेट पत्र्याला लागली तर ओल्या फरशीवरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, तोवर कॅबिनेटला हात लावू नका. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब शिल्लक राहतो.

प्रश्नकर्ता (खानापूर)

दोघांचेही मनापासून आभार. रॅम पुसल्यावर खोडरबर अक्षरशः काळे झाले. एक रॅम बसवताच पडदा उजळला. दुसरी कोणत्याही स्लॉटमध्ये लावली तरी बीप वाजतात, तेव्हा ती निकामी झालेली दिसते. सेल बदलला. वायरमनने भिंतीवरचा विजेचा बोर्ड खोलल्यावर दिसले की तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. बारा वर्षे मी त्यावर काम करत होतो. परसात खड्डा घेऊन नवी अर्थिंग करून घेतली, तेव्हापासून झिणझिण्या थांबल्या आहेत. उरलेल्या एका रॅमवर डीटीपीचे काम चालते, फक्त मोठ्या फाइली उघडायला वेळ लागतो.

उत्तर (निपाणी)

त्याच क्षमतेची डीडीआर३ रॅम जुन्या मालातही मिळते. घेण्यापूर्वी आपल्या संगणकात लावून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा आणि त्यात एकही चूक आली नाही तरच पैसे द्या.