पॅलिएटिव्ह केअर: वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सनी आधी काय शिकावं?

नवी_पाळी
आमच्या वॉर्डात कॅन्सर आणि शेवटच्या टप्प्यातल्या हृदय-फुप्फुसांच्या आजाराचे पेशंट असतात, वेगळी पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी) टीम नाही. व्याख्या आणि तत्त्वं पाठ आहेत. अडतं ते हाताने करायच्या कामात. मॉर्फीन नेमकं किती आणि कसं सुरू करायचं? श्वास बंद पडेल ही भीती कितपत खरी? गिळता येईनासं झालं की औषधं कशी द्यायची? आणि पेशंटच्या आजाराबद्दल नातेवाइकांनी "त्यांना काही सांगू नका" म्हटलं तर? कोर्स नंतर करूच, आधी कशावर हात बसवायचा ते सांगा.

रात्रपाळी
आधी वेदना विचारायला शिका, मॉर्फीन त्यानंतर. "दुखतंय का?" या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर मिळतं. कसं दुखतं ते पेशंटच्या शब्दांत लिहून घ्या, निम्मं निदान तिथेच होतं. "भगभग होते", "मुंग्या येतात", "करंट बसतो" म्हणजे बहुतेक मज्जातंतूची वेदना. तिला नुसतं मॉर्फीन पुरत नाही, रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मि.ग्रॅ. किंवा गॅबापेन्टिन जोडावं लागतं. "कळा येतात" म्हणजे आतड्याचा किंवा मूत्रमार्गाचा पीळ, तिथे पीळ सोडवणारं हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. हलताना हाडात ठणका असेल तर किडनी आणि जठर साथ देत असल्यास सूज उतरवणारी गोळी, आणि रेडिओथेरपीचा सल्ला लवकर घ्या. हाडातल्या वेदनेसाठी बऱ्याचदा किरणांचा 8 ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) एकच डोस पुरतो. एका पेशंटला तीन ठिकाणी तीन प्रकारचं दुखू शकतं, म्हणून शरीराची आकृती काढून प्रत्येक जागेला 0 ते 10 आकडा द्या.

आता मॉर्फीन. साधी, लगेच सुटणारी गोळी किंवा द्रावण, 5 मि.ग्रॅ. दर 4 तासांनी. वयस्कर किंवा खंगलेल्या पेशंटला 2.5. रात्री झोपताना दुप्पट डोस द्या, म्हणजे मधल्या रात्रीचा डोस टळतो आणि झोपमोड होत नाही. मध्येच दुखलं तर एका वेळच्या डोसएवढाच जादा डोस, म्हणजे दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग. तो दिल्यावर पुढचा ठरलेला डोस पुढे ढकलायचा नाही. ही चूक फार होते.

दुसऱ्या दिवशी हिशेब: ठरलेले 30 मि.ग्रॅ. (5 × 6) अधिक तीन जादा डोसांचे 15, एकूण 45. त्याला 6 ने भागलं की 7.5. हा नवा चार तासांचा डोस आणि जादा डोससुद्धा तेवढाच. ठरलेला डोस वाढवला आणि जादा डोस जुनाच राहिला, हे चार्टवर नेहमी दिसतं.

औषधाच्या चिठ्ठीवर "गरजेनुसार" एवढंच लिहिलं असेल तर ते मॉर्फीन दिल्यात जमा नाही. परिणाम 4 तास टिकतो, म्हणून घड्याळाप्रमाणे द्यायचं.

आणि पहिल्याच दिवशी जुलाबाची गोळी: बिसाकोडिल 5 ते 10 मि.ग्रॅ. किंवा सेन्ना, रोज रात्री. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र मॉर्फीन चालू आहे तोवर पिच्छा सोडत नाही. इसबगोल इथे नको, कमी पाणी पिणाऱ्या पेशंटच्या आतड्यात त्याचा लगदा अडकतो. पातळ शी होतेय म्हणून जुलाबाची गोळी बंद करण्याआधी गुदतपासणी करा. घट्ट खड्याच्या बाजूने पातळ मळ पाझरत असतो.

खलबत्ता
वरच्या उत्तराला जोड. किडनी विचारल्याशिवाय तो हिशेब लागू करू नका. मॉर्फीनपासून यकृतात बनणारे पदार्थ लघवीवाटे जातात. किडनी मंदावली की ते साठतात, मग गुंगी वाढते, हातपाय झटके देतात, भास होतात. हे पाहून "वेदना वाढली" असं समजून डोस वाढवला की पेशंट आणखी बिघडतो. अशा वेळी डोस कमी करा, दोन डोसांमधलं अंतर 6 ते 8 तास करा किंवा फेन्टानिलसारखं दुसरं औषध निवडा.

पण फेन्टानिलची (त्वचेवर चिकटवायची) पट्टी पहिलं ओपिऑइड (मॉर्फीनच्या जातीचं वेदनाशामक) म्हणून कधीच लावू नका. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारी पट्टी म्हणजे दिवसाला तोंडाने 60 ते 90 मि.ग्रॅ. मॉर्फीन. पूर्ण परिणाम यायला 12 ते 24 तास लागतात, आणि पट्टी काढल्यावरही रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण 17 तास. ताप किंवा गरम पाण्याची पिशवी असेल तर औषध जास्त शोषलं जातं. स्थिर वेदनेसाठी पट्टी चांगली, रोज बदलणाऱ्या वेदनेसाठी निरुपयोगी.

नवी_पाळी
श्वासाचं राहिलं. नॅलोक्सोन (मॉर्फीनचा उतारा) कधी? डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या की द्यायचं का?

खलबत्ता
नाही. मॉर्फीनवरच्या बहुतेकांच्या बाहुल्या बारीकच असतात. पाहायचं ते दोन गोष्टींकडे: पेशंट जागा होतो का, आणि पूर्ण मिनिटभर मोजून श्वास किती. डोस पायरीपायरीने वाढवला तर श्वास मंदावण्याआधी गुंगी दिसते, म्हणून गुंगीची नोंद रोज हवी. हाक मारून डोळे उघडत असेल तर पुढचा डोस थांबवा आणि लक्ष ठेवा. श्वास 8 च्या खाली आणि जागं होत नसेल तर 0.4 मि.ग्रॅ.ची कुपी सलाइनमध्ये 10 मि.लि. करा आणि त्यातलं अर्धा-अर्धा मि.लि. दर 2 मिनिटांनी शिरेतून, श्वास सुधारेपर्यंत. पूर्ण कुपी एकदम दिली तर वेदना उसळून येते आणि पेशंट तडफडतो. नॅलोक्सोनचा असर मॉर्फीनआधी उतरतो, त्यामुळे नंतरही नजर ठेवावी लागते. मृत्यू जवळ आलेल्याचा श्वास मंदावणं वेगळं, तिथे हे औषध काढायचं नाही.

धाप लागत असेल तर उलट मॉर्फीनच उपयोगी: 2.5 मि.ग्रॅ. दर 4 तासांनी, सोबत चेहऱ्यावर छोटा पंखा. रक्तात ऑक्सिजन कमी नसेल तर तो नळीने देऊन फार काही साधत नाही, नाक मात्र कोरडं पडतं.

बटरफ्लाय
गिळणं थांबल्यावर शीर शोधत टोचत बसू नका. त्वचेखालची वाट घ्या. 23 किंवा 24 नंबरची बारीक सुई, दंडाचा बाहेरचा भाग, छातीचा वरचा भाग किंवा पोट. सूज असलेली, रेडिओथेरपी झालेली किंवा हाडावरची जागा टाळा. कातडी चिमटीत धरून 45 अंशांत सुई सरकवा, पारदर्शक पट्टी लावा, तारीख लिहा. लाली, कडकपणा, गळती दिसली की जागा बदला.

तोंडाने 60 मि.ग्रॅ. जात असतील तर त्वचेखालून 30, म्हणजे दर 4 तासांनी 5. निम्मं करायला विसरलात तर डोस दुप्पट होतो. मॉर्फीन, हॅलोपेरिडॉल (मळमळ, भासांवर), मिडाझोलॅम (झोपेचं), हायोसिन ब्युटिलब्रोमाइड त्वचेखाली चालतात. डायझेपाम आणि क्लोरप्रोमाझिन नाही, त्यांनी जागा सडते. आतडं पूर्ण अडलं असून कळा असतील तर मेटोक्लोप्रमाइड (उलटीवरचं, आतड्याची हालचाल वाढवणारं) नको.

शेवटच्या दिवसांत घशात घरघर सुरू झाली की आधी कुशीवर वळवा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. खोल सक्शन करू नका, त्रासच होतो. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड 20 मि.ग्रॅ. लवकर दिलं तरच थोडाफार उपयोग, कारण ते नवा स्राव रोखतं, साठलेला सुकवत नाही. नातेवाइकांना ही घरघर होण्याआधीच सांगून ठेवा. अचानक अस्वस्थता वाढली तर झोपेचं इंजेक्शन भरण्याआधी ओटीपोट चाचपा, भरलेलं मूत्राशय हे फार वेळा निसटणारं कारण.

ऐकणारा_कान
"सांगू नका" याबद्दल. नातेवाइकांशी वाद घालू नका, कारण विचारा: "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" बहुतेकांना खचण्याची भीती असते. मग म्हणा, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यांना किती ठाऊक आहे, हे आधी विचारू या का?" अनेकदा पेशंटला सगळं कळलेलं असतं आणि तोच घरच्यांना सांभाळत असतो.

पेशंटपाशी बसा, उभ्याने बोलू नका. क्रम असा ठेवा: त्यांना काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय, मग एक इशारेवजा वाक्य, "तपासणीत आपल्याला हवं तसं आलेलं नाही", मग बातमी दोन सोप्या वाक्यांत, आणि मग गप्प. ही शांतता लांबलचक वाटते, भरून काढू नका. रडू आलं की आकडे थांबवा. "आता काही करता येणार नाही" हे वाक्य कधी उच्चारू नका. ते खोटं आहे, आणि पेशंट त्याचा अर्थ "आम्ही येणार नाही" असा घेतो. पुढची भेट कधी, रात्री दुखलं तर कोणाला बोलवायचं, हे त्याच बैठकीत सांगा.

रात्रपाळी
एक राहिलं. पाठदुखी नवी आहे, आडवं झाल्यावर किंवा खोकताना वाढते, पाय जड वाटतात किंवा लघवी अडते, असं कॅन्सरच्या पेशंटने सांगितलं तर मणक्यात मज्जारज्जू दाबला जातोय असं धरूनच चाला. डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) 16 मि.ग्रॅ. त्याच दिवशी, एमआरआय 24 तासांच्या आत. पाय चालेनासे झाल्यावर उपचार केले तर चालणं परत येण्याची शक्यता फार कमी. पुढचे डोस सकाळी आणि दुपारीच द्या, संध्याकाळी दिले की रात्रभर झोप लागत नाही.