पिल्लू सापडलंय, मागचा पाय फरफटतंय. शिरवळ-लोणंद पट्ट्यात कुठे न्यावं?

एमआयडीसी_वाला

नमस्कार मंडळी, जरा घाईत टाईप करतोय. सेकंड शिफ्ट सुटल्यावर शिरवळ-लोणंद रोडला गटाराच्या कडेला एक बारदान पडलेलं, आतून कुईकुई येत होतं म्हणून सोडून बघितलं तर तीन पिल्लं, दोन गेलेली होती, एक जिवंत आहे. मादी आहे (म्हणूनच टाकली असणार, आमच्याकडे हेच चालतं). डोळे उघडेत, दात सुईसारखे सगळे आलेत. मागचा उजवा पाय टेकवतच नाही, नुसता फरफटतो, मांडीला सूज आहे. शेपटीच्या बुडाशी जखम आहे आणि तिला घाण वास येतोय, बॅटरी मारली तर आत काहीतरी वळवळतंय. उचलताना माझ्या अंगठ्याला तिचा दात लागला, थोडं रक्त आलं, पण एवढंसं तर पिल्लू आहे.

आता रूमवर खोक्यात ठेवलीये, अंग गार लागतंय, समोर दूध ठेवलंय. घरमालकांच्या आई म्हणतायत हळद-तेल लाव. वाडीत एकजण आहेत ते शेळ्यामेंढ्यांचे मोडलेले पाय बांधतात, ते सकाळी येऊन कामट्या लावून घट्ट बांधून देतो म्हणालेत. बांधून घेऊ का? आणि मला इंजेक्शन खरंच लागेल का? कुत्रं कधी पाळलेलं नाही, जे माहीत असेल ते सांगा.

कोथरूडची_मावशी

दादा, आधी ते दूध उचल. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीच घालायचं नसतं, त्याला पचवायची ताकद नसते आणि श्वासनलिकेत गेलं तर वेगळीच भानगड. आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भर, झाकण घट्ट लाव, टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेव, एकाच बाजूला हं, म्हणजे जास्त गरम झालं तर तिला सरकता येईल. अंग कोमट लागायला लागलं की ग्लुकोजचं नाहीतर साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना लावायचं, थेंब थेंब, सिरिंजने घशात नाही मारायचं. आणि हिरड्यांचा रंग सांग मला. गुलाबी असतील तर रात्र निघेल, पांढऱ्याफटक असतील किंवा पोटातून धाप लागल्यासारखी श्वास घेत असेल तर सकाळची वाट बघू नकोस, आत मार लागलेला असू शकतो.

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लो असलं काहीही द्यायचं नाही, अर्धी नाही, पाव नाही. आपल्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्यांचं लिव्हर, किडनी, पोट सगळं जातं. कळवळतेय म्हणून लोक प्रेमाने देतात आणि मग आमच्याकडे फोन येतात.

अंगठ्याचं म्हणशील तर आत्ता उठ आणि नळाखाली साबण लावून धू, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही लावू नकोस. आणि सकाळी तिच्याआधी तू दवाखान्यात. पिल्लाला रेबीज नसतो हे कुणी पसरवलंय देव जाणे, असतो, आईने चावून होऊ शकतो आणि या पिल्लाची आई कोण हे तुला माहीत नाही. रक्त आलंय म्हणजे नुसती लस नाही, जखमेभोवती सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) देतात. सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दंडाच्या कातडीतच देतात तो कोर्स असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे जुन्या काळच्या गोष्टी. डोस मधे सोडायचा नाही.

रानातला_गडी

शेळीचं दूध द्या, गाईम्हशीचं नको. आमच्याकडं मेंढराबरोबर फिरणारी कुत्री सगळी शेळीच्या दुधावरच वाढलीत. एकाला कधी काही झालं नाही.

निवृत्त_पशुवैद्यक

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालोय, नोकरी बरीचशी सातारा-सांगली भागातच गेली. शिस्तीत लिहितो.

पाय बांधून घेऊ नका. तुमच्या वाडीतल्या गृहस्थांच्या हाताला गुण असेल, मला शंका नाही, पण त्यांचं कसब गुडघ्याखालच्या हाडांसाठी आहे. तुम्ही सूज मांडीला सांगताय. मांडीचं हाड मोडलं असेल तर कामट्या वरपर्यंत पोचतच नाहीत, त्या मोडलेल्या जागीच संपतात, आणि बांधलेल्या पायाचं वजन खाली लोंबकळून मोडलेली टोकं उलट जास्त हलतात. दुसरं म्हणजे वाढीच्या वयातला मागचा पाय सरळ ताठ बांधून ठेवला तर मांडीचा पुढचा स्नायू आखडून हाडाला चिकटतो. मग गुडघा कधी वाकत नाही, हाड जुळलेलं असतं पण पाय दांडक्यासारखा मागे ताठ राहतो आणि पुढे जाऊन बऱ्याचदा कापावा लागतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की "घट्ट बांधून देतो" वाचलं की राहवत नाही. काहीच न बांधता खोक्यात पडून राहिलेलं पिल्लू त्यापेक्षा बरं.

तुमच्या तर दारात सोय आहे. शिरवळलाच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यांचा दवाखाना आहे, एक्सरे होतो, शस्त्रक्रिया होते, केसपेपर नाममात्र. सकाळी लवकर जा, शिकणारी मुलं असतात त्यामुळे वेळ लागतो पण बघतात नीट. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबरही लावून बघा, पण तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, त्यावर विसंबून बसू नका. नेताना मांडीवर धरून बाईकवर नको, खोक्यात तळाला जाड पुठ्ठा आणि त्यावर चादर, पाठ हलता कामा नये.

जाण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा, डॉक्टर विचारतील. त्या पायाची बोटं जोरात दाबल्यावर ती ओरडते किंवा मान वळवून बघते का? नुसता पाय आखडून घेणं पुरेसं नाही, तिला कळलं पाहिजे. आणि लघवी स्वतःहून करते का. दोन्ही ठीक असेल तर मणका वाचलाय असं समजायला जागा आहे.

वळवळतंय त्या अळ्याच. माशीने अंडी घातली की एका दिवसात बाहेर येतात आणि मांस पोखरत आत जातात. रॉकेल, फिनेल ओतू नका. टर्पेंटाइनचा बोळा आम्हीही एके काळी घालायचो, अळ्या बाहेर येतात हे खरं पण पिल्लाची कातडी भाजते. मेडिकलमध्ये गुरांच्या जखमेचा स्प्रे मिळतो तो रात्रीपुरता जखमेच्या कडेने मारा, चाटू देऊ नका, बाकी चिमट्याने काढणं दवाखान्यात. आणि कुणी गोठ्यातलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचायला आला तर हात धरा, एवढ्या लहान जीवाच्या ते मेंदूवर जातं.

दात सगळे आलेत म्हणताय तर साधारण दीड महिन्याची असेल. दूध लागतंच असं नाही. शेळीवाल्या मित्राला एवढंच, पिल्लांना न पचणारी दुधातली साखर, लॅक्टोज, शेळीच्या दुधातही असतंच, तुमची कुत्री रानात अजून बरंच काही खातात.

स्पष्टवक्ता७

राग मानू नका पण कंपनी कामगाराने स्वतःच्या खिशातून एका गावठी कुत्रीसाठी एवढा कुटाणा? आधीच रस्त्यावर चालता येत नाही कुत्र्यांमुळे. मालकाच्या शेतावर सोड, जगायची तर जगेल.

कोथरूडची_मावशी

@स्पष्टवक्ता७ पाय मोडलेलं दीड महिन्याचं पिल्लू शेतावर जगत नाही, रात्रीत कोल्हा नेतो नाहीतर मुंग्या लागतात. रस्त्यावर कुत्री कमी व्हायला हवीत हे मलाही मान्य आहे, त्याला नसबंदी लागते, बारदान नाही. ज्याने ते टाकलं त्याला हे दोन वाक्यांत पटलं असतं तर बरं झालं असतं.

एमआयडीसी_वाला

अपडेट. आधी सगळ्यांचे आभार, रात्रभर बाटली बदलत बसलो, हिरड्या फिक्या होत्या पण पांढऱ्या नव्हत्या. सकाळी ग्रामीण रुग्णालयात मला लस आणि सीरम दोन्ही दिलं (सीरम दुखतं राव, अंगठ्यातच टोचतात). मग शिरवळला. मांडीचं हाड मधोमध मोडलंय, कंबर आणि मणका ठीक. अळ्या काढून जखम धुतली, जंताचं औषध दिलं, थोडी ताकद आल्यावर पिन घातली. वाडीतल्या काकांना एक्सरेचा फोटो दाखवला तर ते म्हणाले हे आपल्या हातातलं नव्हतंच, आणि तिच्यासाठी दोन अंडी देऊन गेले.

आता नवीन त्रास. बाईसाहेब तीन पायांवर उड्या मारतायत, खोक्यातून बाहेर पडतात. डॉक्टर म्हणाले हालचाल कमी ठेवा, पण ठेवू कशी? दुसरं, शी पातळ आहे. पार्व्होची (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा विषाणू) भीती वाटतेय, शेजारी मागच्या महिन्यात एक पिल्लू त्याने गेलंय. आणि रूम भाड्याची, कायमची ठेवता येणार नाही, त्याचं काय करू?

निवृत्त_पशुवैद्यक

उत्तम झालं. या वयात हाड भराभर जुळतं, तीन-चार आठवडे सांभाळलंत की पिन काढायचं बघतील. खोकं बदला. बाजारात भाजीचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात, दोन घ्या, एक उलटा झाकण म्हणून वर बांधा. वळता येईल, पाय पसरता येईल, पण उडी मारता येणार नाही एवढीच जागा. तळाला फरशी किंवा पेपर नको, पाय घसरतो, जुनं गोणपाट घाला आणि रोज बदला. रडेल, दोन दिवस फार रडेल, मग झोपेल. जिना आणि गुळगुळीत लादी बंद. शी-शूला बाहेर काढाल तेव्हा पोटाखालून फडक्याची झोळी धरून हळू चालवा, पाय टेकवायला लागली तर टेकवू द्या, थोडा वापर हवाच नाहीतर तोच स्नायू आखडण्याचा प्रकार. गुडघा वाकवण्याचा व्यायाम डॉक्टरांकडून हातावर शिकून घ्या, फोनवर बघून करू नका.

कोथरूडची_मावशी

शी नुसती पातळ आहे आणि ती खातेय, खेळतेय, तर जंताच्या औषधाने किंवा खाणं बदलल्याने असू शकतं. मऊ भात, घरचं दही, बिनमिठाचं उकडलेलं चिकन कुस्करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. काकांची अंडी उकडून, एका वेळी पाव. पण खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, शीतून रक्त आणि तो सडका वास आला (एकदा घेतला की विसरत नाही) तर त्याच तासाला पळायचं. पार्व्होत पिल्लू पाणी जाऊन मरतं, लवकर सलाईन लागलं तर बरीच वाचतात. शेजारचं पिल्लू गेलंय म्हणालास तर त्या अंगणात हिला जमिनीवर ठेवूच नकोस, तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलने मरत नाही. फरशी आधी साबणाने धुवायची मग ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं. तुझ्या चपला दाराबाहेर. डॉक्टर हो म्हणाले की पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात.

घराचं आत्तापासून बघ, पाय बरा झाल्यावर नको. "पिन घातलेली" हे फोटोखाली लिही, लपवू नकोस, त्याने उगीच फोन करणारे गळतात. मादी म्हटलं की लोक मागे सरतात, त्यांना सांग सहा महिन्यांच्या पुढे नसबंदी करून देऊ, आणि ते लेखी घे. घर बघितल्याशिवाय द्यायची नाही. राखणीला पाहिजे म्हणणाऱ्याला विचार साखळीला बांधणार का. दिवाळीत मुलाला गिफ्ट द्यायचीय म्हणाला तर फोन ठेव.

गणेश_खंडाळा

बारदान टाकणाऱ्याविरुद्ध तक्रार होते का? कंपनीच्या गेटला कॅमेरा असणार.

कोथरूडची_मावशी

होते. प्राणी असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे, फक्त पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, हसू नका, आजही तोच आहे. पण इथे दोन मेलीत, तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावा म्हणून धरून बसायचं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फुटेज लवकर पुसलं जातं, आधी सिक्युरिटीला लेखी अर्ज द्या आणि एक्सरेची कॉपी जोडा.

एमआयडीसी_वाला

क्रेटवाली आयडिया चालली, भाजीवाल्याने दोन जुने फुकट दिले. शी घट्ट झालीये. सिक्युरिटी सुपरवायझर म्हणतोय अर्ज एचआरकडून पाहिजे, उद्या ते बघतो. मालकांच्या आई रोज दुपारी येऊन क्रेटजवळ बसतात आणि कुत्रं घरात नको म्हणतात. माझ्या नाईट शिफ्ट सोमवारपासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा एकटी ठेवली तर चालेल का, का रूममेटला तेवढ्यासाठी शिफ्ट बदलायला सांगू?

निवृत्त_पशुवैद्यक

आठ तास या वयाला जास्त आहेत, मध्ये एकदा खाणं आणि शू झालं पाहिजे. रूममेटची शिफ्ट राहू द्या. आजींना विचारून बघा.