मदत हवी आहे: सकारात्मक वाक्ये म्हटल्यावर मन उभारी घेण्याऐवजी अधिकच खचते

नमस्कार.

नाशिकच्या एका कारखान्यात मी बारा वर्षे लेखा विभागात काम केले. आठ महिन्यांपूर्वी तो विभाग दुसऱ्या शहरात हलवला गेला आणि आम्हा सहा जणांची नोकरी गेली. घरखर्च यजमानांच्या पगारात कसाबसा भागतो. खरा प्रश्न सकाळचा आहे. सव्वाआठला कंपनीची बस अजूनही आमच्या कोपऱ्यावर थांबते, तिच्या दाराचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो, आणि त्यानंतर दुपारपर्यंत माझे कशातही लक्ष लागत नाही.

माझ्या मावसबहिणीने यावर सकारात्मक वाक्यांचा उपाय सुचवला आणि कपाटाच्या आरशावर पिवळ्या चिठ्ठ्याही तिनेच लावून दिल्या: ‘मी यशस्वी आहे’, ‘मी आनंदी आहे’, ‘पैसा माझ्याकडे सहज येतो’, वगैरे. (‘मी पात्र आहे’ ही चिठ्ठी मी दुसऱ्याच दिवशी काढली, कारण ती वाचताना एखाद्या सरकारी योजनेच्या यादीत नाव लागल्यासारखे वाटे.) प्रत्येक वाक्य दहा वेळा, असे एकवीस दिवस म्हणायचे होते. हिशेबाची सवय सुटत नसल्यामुळे मी वहीत दोन रकाने आखले आणि म्हणण्यापूर्वी व म्हटल्यानंतर मनःस्थितीला दहापैकी गुण दिले. बऱ्या दिवशी पाचाचे सहा झाले. पण ज्या दिवशी मुलाखतीनंतर नकार आलेला असे, त्या दिवशी चाराचे तीन, एकदा तर दोन झाले. म्हणजे ज्या दिवसांसाठी औषध आणले, नेमके त्याच दिवशी ते उलटत होते. ‘मी यशस्वी आहे’ म्हटले की आतून लगेच ‘कुठे?’ असे येते, आणि मग एकूण एक नकार आठवू लागतो.

हा दोष माझ्या एकटीचा असावा, असे वाटत होते. पण कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००९ मधील संशोधन वाचनात आले. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर, ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच हलके होते त्यांना, ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच व्यक्तींपेक्षा अधिक वाईट वाटले. ज्यांचे मत चांगले होते त्यांना फायदा झाला, पण तोही थोडाच.

गेल्या मंगळवारी मात्र भेंडी चिरता चिरता, आजी बोलत असे त्या सुरात, माझ्या तोंडून आपोआप निघाले, ‘अगं, बारा मार्चएंड निभावलेस, आजचा दिवस काय निभणार नाही?’ त्यावर आतून ‘कुठे?’ आले नाही, कारण ते बाराही मार्चएंड खरे आहेत. त्या दिवशी वहीत चाराचे पाच झाले.

माझा प्रश्न असा की, अशी वाक्ये ‘मी’ने सुरू करावीत की स्वतःला ‘तू’ म्हणून? फार वाईट दिवशी ती म्हणावीत की वही मिटून ठेवावी? कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, मी समुपदेशक नाही, पण वडिलांच्या दीर्घ आजारपणात या वाटेने गेलो आहे. ‘तू’विषयी तुमचा अंदाज बरोबर वाटतो. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की, भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना त्रास कमी होतो. आपल्याकडे तर समर्थांच्या २०५ मनाच्या श्लोकांत मनालाच समोर बसवून समजावले आहे.

दुसरे क्रियापदाचे. फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए यांनी शंभर वर्षांपूर्वी गाठी मारलेली दोरी हातात धरून वीस वेळा म्हणायला जे वाक्य दिले, त्यात ‘मी बरा आहे’ असे नव्हते, दिवसेंदिवस ‘बरा होत आहे’ असे होते. ‘आहे’ म्हटले की मन पुरावा मागते. ‘आज एक अर्ज पाठवणार आहे’ याला पुरावा लागत नाही, पाठवला की झाले.

फार वाईट दिवशी मी वाक्ये सोडून देत असे आणि आपल्याला जिवाभावाचे काय आहे यावर दहा मिनिटे लिहीत असे; मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला विचार साधारण याच दिशेचा आहे. मात्र झोप, भूक आणि उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेली असेल, तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते.

आणि सव्वाआठच्या आधीच फिरायला बाहेर पडता आले, तर काही दिवस तेही करून पाहा. वहीत त्यासाठी तिसरा रकाना आखता येईल.