प्रतिसाद: परागाच्या गोळीवरून झाड ओळखता येतं का?

वर एका ताईंनी विचारलंय, खाण्यासाठी विकत मिळणाऱ्या मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागाच्या डबीतल्या पिवळ्या गोळ्या सूर्यफुलाच्याच समजायच्या का? नुसत्या रंगावरून तरी नाही. आपल्या लातूर-धाराशिवकडे सूर्यफूल आणि करडई दोन्हींचा पराग पिवळा-नारिंगीच.

एक मात्र बरं: मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, त्यामुळे एका गोळीत बहुतेक एकाच झाडाचा पराग असतो. म्हणून आधी रंगानुसार ढीग करा, प्रत्येकातल्या दोन-चार गोळ्या वेगवेगळ्या थेंबभर पाण्यात विरघळवा आणि ४०० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सूर्यफुलाच्या कणावर लांब टोकदार काटे, करडईचा कण मोठा आणि काटे आखूड. ज्वारी-मक्याचा कण गुळगुळीत, गोल, एकाच छिद्राचा. या दोघांत मक्याचा कण बराच मोठा. बाभळीचे कण सुटे नसतातच, गुच्छानेच दिसतात. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात गोडीनं विचारलं तर बघू देतात. आपल्या बांधावरच्या फुलांच्या परागाच्या स्लाइड (काचपट्ट्या) तुलनेला आधी करून ठेवा, नाहीतर नुसती करमणूक.

लेबलवरचं ‘मल्टिफ्लोरा’ म्हणजे अनेक फुलांचा, एवढंच. गाजरगवत सूर्यफुलाच्याच कुळातलं, त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पराग चमचाभरही खाऊ नये.