पावसात सायकलने ऑफिस: घसरण्याची भीती

पावसाळ्यात सायकल घसरेल म्हणून ऑफिसला बस धरावी का, असं तुम्ही विचारलंय. भीती रास्त आहे, पण सायकल बहुतेक ठरावीक जागीच घसरते. पहिल्या सरीची सुरुवातीची १०-१५ मिनिटं सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून बुळबुळीत थर होतो. तेवढा वेळ थांबाच. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं हँडल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता ओलांडा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

टायरमधली हवा नेहमीपेक्षा ५-१० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवा, पकड वाढते. मात्र टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमवर (चाकाच्या धातूच्या कड्यावर) चिमटून पंक्चर होते. रिम ब्रेक (रिमवर रबर दाबून चाक थांबवणारे) असतील तर आधी हलकेच दाबून रिमवरचं पाणी निपटून घ्या, मग जोर लावा. नाहीतर ब्रेक लागतच नाही असं वाटतं आणि मग अचानक चाक अडकतं.

पुण्यात असाल तर खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठा नदीवरचा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, तेव्हा दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवा. घरी आल्यावर चेन कोरडी पुसून तेल द्यायला विसरू नका.